मधोमध एक खिळा

१६ जून

बाई,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, शाळेच्या कामासाठी लिहितो आहे, तेव्हा नको. कागद बदलला.

फोनवर तू म्हणालीस, काय असेल ते लिहून कळव. म्हणून लिहितो. तुझा दुसरीचा वर्ग हेडसरांनी मला दिला. मी म्हणालो, मी सातवीला गणित शिकवणारा माणूस, ही पिल्लावळ मला झेपायची नाही. ते म्हणाले, "बायको तुमची गेली, वर्ग आमचा रिकामा झाला. तुम्हीच निस्तरा." हसत म्हणाले. मीही हसलो. काय निस्तरायचं ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

वर्ग उघडला तर भिंती मोकळ्या. तू सगळं उतरवून गेलीस. भिंतीचा रंग उडाला आहे, पण तक्ते होते तिथे तो जुनाच राहिला आहे. त्यामुळे आख्खी भिंत रिकाम्या चौकोनांची दिसते. तुझी जुनी मुलं, आता तिसरीत गेलेली, दारातून डोकावतात आणि नव्यांना बोट दाखवून सांगतात: इथे वाढदिवसांची आगगाडी होती, इथे आजची हवा होती. नवी मुलं चौकोनाकडे बघतात आणि मान हलवतात. मी काही बोललो की मात्र खिडकीबाहेर बघतात.

ऑगस्टअखेर तपासणी आहे. तोवर भिंती 'बोलक्या' झाल्या पाहिजेत, असं हेडसरांचं म्हणणं. तेव्हा दोन गोष्टी कळव. पिना कुठे ठेवल्या आहेस? आणि आधी काय लावायचं?

तिसरी गोष्ट शाळेची नाही. चिठ्ठीत तू लिहिलंस, "दादाकडे जाते आहे. तिथल्या शाळेत काम मिळालं आहे. काही झालेलं नाही." काही झालेलं नसताना माणूस घर सोडतं, हे उदाहरण मला सुटत नाही. दादाला विचारलं. तो म्हणाला, "ते नवरा-बायकोचं. मी मध्ये पडत नाही." मग मी आणखी विचारलं नाही.

सर

२९ जून

बाई,

कार्ड मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि सगळं भिंतींबद्दल. तिसऱ्या गोष्टीबद्दल अक्षर नाही.

शिवाय तू मला 'तुम्ही' लिहिलं आहेस. "पिना मधल्या कपाटात आहेत, तुम्ही वरच्यात शोधत असाल." शाळेत आपण चारचौघांत सर आणि बाई, अहो-जाहो. घरी आलं की अरे-तुरे. सर-बाई घरातही राहिलं, पण ते थट्टेनं. आता हे 'तुम्ही' कोणतं आहे ते कळेना. कार्ड खिडकीशी नेऊन पाहिलं. अक्षर तुझंच आहे.

पिना मधल्या कपाटात होत्या. मी वरच्यात शोधत होतो.

तुझं कार्ड येण्याआधीच मी भिंत भरून टाकली होती. दुकानातून तयार तक्ते आणले. फळं, प्राणी, वाहनं, शरीराचे अवयव, सूर्यमाला, चांगल्या सवयी. चकचकीत आहेत. ओल लागत नाही, पुसता येतात. छतापासून खिडकीपर्यंत एकाला एक लावून टाकले, बोटभर जागा सोडली नाही. वर सात रंगांच्या झिरमिळ्या. हेडसर दारात उभे राहून म्हणाले, "वा. भिंत कुठे आहे ते शोधावं लागतं."

मुलांनी अजून एकदाही वर पाहिलेलं नाही.

मग तुझं कार्ड आलं. एका भिंतीवर एकच विषय असावा. मथळा प्रश्नाचा असावा आणि उत्तर त्याच भिंतीवर मुलांना शोधता यावं. अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यावं. चौकटीला दोन रंग पुरतात. थोडी जागा मोकळी ठेवावी, डोळ्याला बसायला. आणि शेवटी: "काहीही लावण्याआधी मुलांच्या बाकावर बसून बघावं."

मोकळी जागा किती ठेवायची? हे लिहिलं नाहीस.

सर

८ जुलै

बाई,

शाळा सुटल्यावर मुलांच्या बाकावर बसलो. गुडघे हनुवटीला लागले. तेवढ्यात शिपाईमामा कुलूप घेऊन आले.

"सर, नापास झालात का?"

"भिंत बघतोय, मामा."

"बघा, बघा. मी दहा मिनिटांनी येतो. उठवायला लागलं तर हाक मारा."

तिथून काय दिसलं ते सांगतो. विजेची बटणं. अवयवांच्या तक्त्याचे पाय, फक्त पाय. 'चांगल्या सवयी'च्या कोपऱ्यात दुकानाच्या किमतीची चिठ्ठी, ती मी काढायची विसरलो होतो. सूर्यमालेवर खिडकीचा उजेड पडून नुसता पांढरा डाग, त्यात एकही ग्रह नाही. आणि सगळ्याच्या वर, फार वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, इतर सगळं. मी ती भिंत माझ्यासाठी सजवली होती.

सगळं उतरवलं. एका भिंतीवर तपकिरी कागदाचं मोठं झाड चिकटवलं, मुळं जमिनीपर्यंत. मथळा: 'झाड पाणी कुठून पितं?' मूळ, खोड, फांदी, पान, फूल मुलांनी कापली, त्यांनीच नावांच्या पट्ट्या लिहिल्या, त्यांनीच लावल्या. एकानं फूल मुळाला लावलं. मी काढायला गेलो, तर पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "राहू दे सर, पडलेलं फूल आहे ते." राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा मुलं झाडापाशी उभी होती. बाकावर नव्हती. चष्मेवाली मुळापासून बोट वर नेत होती आणि तोंडानं पाणी ओढल्यासारखा आवाज काढत होती. सातवीत इतकी वर्षं काढली, पण माझ्या फळ्यावरच्या समीकरणाला कोणी हात लावलेला मला आठवत नाही.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी कोणी नव्हतं. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईंच्या वेळी रोजच असायचं."

तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस?

एक भिंत किती दिवस ठेवायची, ते कळव.

सर

२४ जुलै

बाई,

तुझं दुसरं कार्ड वाचलं. मग परत वाचलं. तू लिहितेस, भिंतीला दिवस ठरवून देऊ नयेत, ती संपली की उतरवावी. संपली हे कसं कळतं, तर: "एखादी पट्टी मुद्दाम उलटी लावावी. कोणी काही बोललं नाही तर ती भिंत उतरवावी."

एकाच शाळेत आपण शेजारच्या वर्गांत शिकवलं, मधे एक भिंत. तिच्या पलीकडच्या बाजूला तू पट्ट्या उलट्या लावत होतीस हे मला आज कार्डावरून कळतं आहे. मला गंमत वाटली. थोडं विचित्रही वाटलं. मुलांची अशी परीक्षा घ्यावी का? पण तू घेत होतीस, म्हणजे त्यात काही असेल.

दादाचा फोन आला होता. स्वतःहून आला. मध्ये पडत नाही असं परत म्हणाला आणि मग मध्ये पडला. तिथली शाळा तुला कायम करायला तयार आहे, आणि सप्टेंबर संपायच्या आत तू होय की नाही ते सांगायचं आहेस. "होय म्हणाली तर मग आलीच इकडे कायमची," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. मी सांगितलं असं सांगू नका." सांगितलं. क्षमा असावी.

आई दर रविवारी विचारते. काल म्हणाली, "अरे, सूनबाई रागावली कशावरून?"

"रागावलेली नाही, आई."

"भांडलात?"

"नाही."

"एकदाही?"

"कधीच नाही. तुला माहीत आहे."

ती म्हणाली, "तुझे वडीलही असेच. भिंतीशी बोलावं आणि भिंतीनं हूं म्हणावं." मग गुडघ्यांचं औषध संपल्याचं सांगत बसली. मला वाटत होतं की न भांडणं ही जमेची बाजू आहे.

तू होय म्हणणार आहेस का? हे भिंतीबद्दल नाही. तरी उत्तर दे.

सर

६ ऑगस्ट

बाई,

उत्तर नाही आलं. तेव्हा भिंतीबद्दल लिहितो.

झाडाचं एक पान उलटं लावलं. देठ वर, टोक खाली, आणि 'पान' ही पट्टीही डोक्यावर. चांगलं ठळक. सोमवारी मुलं आली, प्रार्थना झाली, हजेरी झाली. कोणी काही बोललं नाही. मंगळवारी नाही. एके दिवशी मधली सुट्टी संपवून आलो तर पान सरळ दिसलं. म्हटलं, पिन सैल असेल, आपोआप फिरलं असेल. परत उलटं केलं, पिन दाबून बसवली. आठवडा गेला. कोणी नाही.

शुक्रवारी मी झाड उतरवलं. मुळं जमिनीजवळ घट्ट चिकटली होती, ती फाटली. हेडसर व्हरांड्यातून जाताना थबकले. "सर, तपासणी तोंडावर आली, आणि तुम्ही भिंत सोलताय?"

"संपली होती," मी म्हणालो.

"कोण संपलं?"

त्यांना समजावणं अवघड होतं. मलाही वाईट वाटत होतं, आणि एका तपकिरी कागदाचं वाईट वाटावं हे समजत नव्हतं. ती मुलं झाडाला हात लावत होती. मग त्यांनी बघणं नेमकं कधी थांबवलं? मी रोज तिथे होतो.

नवी भिंत काय करू?

सर

७ ऑगस्ट

बाई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो, कारण आज भलतंच झालं.

सकाळी मुलांनी मोकळी भिंत पाहिली. चष्मेवालीनं हात वर केला. "सर, उलटं पान आता कुठे लावणार?"

मी विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणखी कोणाला दिसलं होतं?"

सगळ्या वर्गानं हात वर केले. शेवटच्या बाकावरचा एक, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो तर उभाच राहिला. "मी रोज मान वाकडी करून बघायचो. माझी मान दुखली."

"मग सांगितलं का नाहीत?"

ह्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. प्रश्नच कळला नसावा. चष्मेवाली म्हणाली, "तुम्हीच लावलं होतं ना, सर."

"मी लावलं म्हणून काय झालं?"

"मग तुम्हाला माहीतच होतं की."

पैलवान म्हणाला, "मी एकदा सरळ केलं होतं. सुट्टीत. बाकावर चढून. तुम्ही परत उलटं केलंत. मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं."

आता तू सांग. ही भिंत संपली होती की नव्हती? बघत तर सगळे होते. एकानं हात लावून सरळसुद्धा केलं. म्हणजे तुझी परीक्षा चुकली, का मी ती चुकीची घेतली? का मी मुलांना असा माणूस वाटतो की ज्याला काही सांगायचं नसतं? तुझ्या वेळी ती सांगायची का? नक्की सांगत असतील, नाहीतर तू अशी परीक्षा घेतली नसतीस.

मी गोंधळलो आहे. झाड फाडायला नको होतं.

सर

२५ ऑगस्ट

बाई,

यावेळी कार्डावर दोनच ओळी. "बघितलं का, हा प्रश्न नाही. मी 'कोणी बोललं नाही तर' असं लिहिलं होतं, कार्ड परत वाच."

वाचलं. तसंच लिहिलेलं आहे. मी पत्रात तसंच उतरवलंही होतं, पण मनात 'बघितलं नाही तर' असं वाचलं होतं. आणि या दोन ओळींत 'वाच' आहे, 'वाचा' नाही. ते चुकून झालं असेल तर माहीत नाही.

शाळेतून घरी आलो. चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मनात आलं की तू घरीही असं काही करत होतीस का?

चहा उतू गेला. मी घर तपासायला लागलो. हसू नकोस. भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्यावर आहे. दारातलं पायपुसणं उलट्या बाजूनं घातलेलं आहे. पुस्तकांच्या फळीवर एक पुस्तक डोक्यावर उभं आहे. खुर्चीच्या उशीचा अभ्रा आतली बाजू बाहेर करून चढवलेला. आरशाखालच्या फडताळात तुझा कंगवा माझ्या खणात. यातलं तुझं कोणतं आणि माझा गबाळेपणा कोणता? अभ्रा मीच चढवला असेन. पुस्तक गणिताचं आहे, म्हणजे मीच. कंगवा? एकटा माणूस घरात राहिला की घर अशानं भरतं. प्रत्येक वस्तूकडे संशयानं बघत मी स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे गेलो.

त्या बोळातलं गोल चित्र तुला आठवतं ना. तुझ्या वर्गातल्या एका मुलीनं शाळा सोडताना दिलेलं. गोल पुठ्ठा, निळं पाणी, निळं आभाळ, मधे पांढऱ्या शिडाची होडी. तूच ते लावलंस, मधोमध एक खिळा, थेट शिडातून. बोटानं ढकललं की चक्रासारखं फिरायचं.

ते सरळ होतं. आणि ते का सरळ आहे, ते मला आठवलं.

मागच्या हिवाळ्यापासून ते उलटं व्हायचं. होडी वर, तळ आभाळाला, शीड खाली. दोन्हीकडे निळंच, त्यामुळे पटकन कळायचं नाही. पण मला कळायचं. मी सकाळी दात घासत जायचो आणि जाता जाता एका बोटानं ते सरळ करायचो. दुसऱ्या दिवशी परत उलटं. परत सरळ. बोललो नाही. तोंडात ब्रश असतो, हे एक कारण. पण दिवसभर ब्रश तोंडात नसतो. मला वाटायचं, खिळा सैल आहे, फिरतं आपोआप. घरातली एक बारीकशी दुरुस्ती. त्यासाठी तुला काय सांगायचं?

मग एप्रिलमध्ये एका रविवारी मी हातोडी घेतली आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला दुसरा खिळा ठोकला. आवाज ऐकून तू हात पुसत बाहेर आलीस.

"काय चाललंय?"

"हे सारखं फिरतं. पक्कं करतोय."

तू जरा वेळ उभी राहिलीस. म्हणालीस, "म्हणजे आता फिरणार नाही."

"नाही फिरणार," मी म्हणालो. काम चांगलं झाल्याचा मला आनंद होता.

तू आत गेलीस. त्याच आठवड्यात तू त्या दुसऱ्या शाळेला अर्ज केलास. तारीख दादाकडून कळली होती, पण खिळ्याची आणि अर्जाची गाठ मी कधी घातली नव्हती. आजही घालावी की नाही कळत नाही. खिळ्यावरून कोणी घर सोडतं का? सोडत नसणार. मग तू चित्र फिरवत होतीस का? की ते खरोखरच आपोआप फिरत होतं, आणि मी आता पुठ्ठ्याच्या होडीत बसून निघालो आहे?

तू फिरवत असशील, तर मला ते दिसतं आहे हे तुला रोज कळत होतं. रोज सकाळी ते सरळ झालेलं असायचं. घरात तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे मी बघत नाही अशी तुझी तक्रार असूच शकत नाही.

ह्या पत्रात भिंतीचा प्रश्न नाही.

सर

११ सप्टेंबर

बाई,

उत्तर नाही. बरं. शाळेचं सांगतो.

मी मुलांना सांगितलं की यापुढे वर्गात काही उलटं, तिरकं, चुकीचं दिसलं तर ज्याला दिसेल त्यानं बोलायचं. मी लावलेलं असलं तरी. माझ्यावर असलं तरी. त्याचा पश्चात्ताप होतो आहे. "सर, तुमचं बटण वरखाली लागलंय." "सर, तुम्ही आज दाढी एकाच गालाची नीट केलीय." "सर, तुम्ही हिला दोनदा शाबास म्हणालात आणि मला एकदा." दिवसभर हेच. कान किटले. पण आता मला बरंच काही कळतं.

नव्या भिंतीचा मथळा मुलांनीच दिला: 'आज काय बदललं?' रोज एक मूल भिंतीवर एक बदल करतं आणि बाकीच्यांनी ओळखायचा. हे तू कधी केलं होतंस का? केलं नसशील तर वापर.

पुढे गेलेली तपासणी एकदाची झाली. साहेब आले, हेडसर मागे. साहेबांनी भिंत पाहिली, खाली वाकून पाहिली, ते मला आवडलं. म्हणाले, "मोकळी जागा बरीच सोडलीत."

"डोळ्याला बसायला," मी म्हणालो.

एवढ्यात पैलवान उभा राहिला. "साहेब, तुमचं कार्ड उलटं आहे."

गळ्यातलं ओळखपत्र. फोटो आत, कोरी बाजू बाहेर. हेडसरांचा चेहरा पडला. साहेबांनी खाली पाहिलं, कार्ड फिरवलं, आणि म्हणाले, "सकाळपासून तीन शाळा झाल्या. कोणी सांगितलं नाही." जाताना पैलवानाशी हात मिळवला. हेडसर नंतर मला म्हणाले, "सर, मी म्हणालो होतो भिंती बोलक्या करा. पोरं नव्हे."

घरी येऊन मी पक्कड काढली आणि खालचा खिळा उपटला. जोर लागला, मी पक्कं काम करतो. भिंतीला भोक पडलं. चित्र बोटानं फिरवलं आणि उलटं ठेवलं. मग तिथेच स्टूल टाकून बसलो. बराच वेळ. मला बघायचं होतं, ते आपोआप फिरतं का.

फिरलं नाही. सकाळी उठलो तरी तसंच होतं. परवाही, कालही. मी रोज त्याच्यापाशी थांबतो. सरळ करायला बोट उचललं जातं आणि परत खाली घेतो.

कागद कापायचं तुझं मोठं यंत्र माळ्यावर आहे. ते न्यायला येशील असं तू दुसऱ्या कार्डात लिहिलं होतंस. ये. मी असताना किंवा नसताना, तुला बरं वाटेल तेव्हा. चावी तुझ्याकडे आहेच.

सर

२५ सप्टेंबर

बाई,

शाळेतून आलो. दार उघडलं, चपला काढल्या, पाय धुवायला बोळातून गेलो. पुढे गेलो आणि मागे आलो.

चित्र सरळ आहे.

सकाळी उलटं होतं. मी शपथेवर सांगतो. होडीच्या तळाकडे बघतच मी तोंड धुतलं.

चावी दोघांकडेच आहे. मी माळ्यावर चढलो. यंत्र जागेवरच आहे. त्याच्यावर धूळ नाही, पण ती मी मागे पुसली होती की कोणी आज पुसली, आठवत नाही. तू यंत्रासाठी आली असतीस तर ते गेलं असतं. आली नसतीस तर चित्र फिरलं नसतं. खिळा हलवून पाहिला. घट्ट आहे. इतक्या दिवसांत तसूभर न फिरलेलं चित्र आज आपोआप अर्धं चक्र फिरावं, हे होत नाही. पण तू इतक्या लांबून यावंस, एका बोटानं चित्र सरळ करावंस, आणि एक शब्द न लिहिता परत जावंस, हे तरी होतं का?

होतं. मी एक हिवाळाभर तेच केलं.

याचा अर्थ काय, ते मी तासभर लावत बसलो. परत यायचं आहे, असा असेल. किंवा बघ कसं वाटतं, असा असेल. किंवा तुला सवय आहे वाकडं दिसलं की सरळ करायची, बाकी काही नाही, असाही असेल. शेजारच्या आजींना विचारलं, दुपारी कोणी आलं होतं का. त्या म्हणाल्या, "मी झोपले होते. पण तुमच्या दाराचा आवाज झाला. मला वाटलं, तुम्हीच असाल."

"मग हाक मारून विचारलं का नाहीत?"

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही काही सांगता थोडंच."

मी आईला फोन केला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली. मी म्हणालो, उद्या तिकडे जातो आहे, सूनबाईकडे. ती म्हणाली, "जाऊन काय बोलणार?"

"माहीत नाही."

"नुसता उभा राहू नकोस म्हणजे झालं."

महिना संपायला थोडे दिवस आहेत, आणि तुला त्या शाळेला उत्तर द्यायचं आहे. तू होय म्हणशील, नाही म्हणशील, मला अंदाज नाही. मागे मी ते विचारलं तेव्हा खाली लिहिलं होतं, उत्तर दे. मग मी ते परत विचारलं नाही आणि उत्तर येत नाही म्हणून तुला दोष दिला.

रजेचा अर्ज लिहिला आहे. हेडसरांना फोन केला, उद्या वर्गावर ते स्वतः बसणार आहेत. मुलांना सांगायला वेळ नव्हता. हेडसरांचं काही उलटं दिसलं तर मुलं त्यांना सांगतीलच.

हे पत्र टपालात टाकत नाही. बरोबर आणतो आहे. दादाच्या दारात उभा राहून वाचून दाखवीन, कारण कागदाशिवाय मला जमेल असं वाटत नाही. तू मध्येच थांबवलंस तरी चालेल. सगळं नाही वाचून झालं तर निदान मथळा. मथळा प्रश्नाचा असावा, असं तूच लिहिलंस.

चित्र कोणी फिरवलं?